लोणच्याच्या बरणीतला तारामासा

वरोऱ्याच्या अख्तरीनं उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, आणि आता तो तिला लोणच्याच्या बरणीत भरायचा होता.

हे झेंगट आणलं तिच्या धाकट्या भावानं, वहाबनं. तो मुंबईला बोटीवर कोळसा ओढायचा. चार वर्षांत दोनदा घरी आला. या खेपेला आला तो तेलाच्या डब्यात समुद्राचं पाणी आणि त्यात पाच हातांचा तारामासा घेऊन. पाच म्हणजे मुंबईहून निघताना पाच. वर्ध्याला गाडी बदलताना कोणाच्या तरी ट्रंकेचा कोपरा डब्यात घुसला आणि एक हात तुटला.

"आपा, नागपूरच्या कॉलेजातले प्रोफेसर म्हनले, जिता तारामासा आन, प्रयोगशाळेत शिपाई म्हनून घेतो. पन ते पचमढीले गेले, पंधरा दिवसांनी येतीन. तंवर मी मुंबईची नोकरी सोडून येतो. तू याले जगव."

"अन् नाई जगला तं?"

"तं जातो मी परत बोटीवर."

अख्तरीचं डोकं फिरलं. भाऊ घरी यायचा तर आधी हा किडा पोसा! तरी तिनं घरातली एकुलती मोठी बरणी काढली. कैऱ्यांसाठी धुऊन, उन्हात वाळवून ठेवलेली.

नवरा बशीर कल्हईवाला. गल्लोगल्ली ओरडून गळा असा तयार झालेला, की घरात मीठ मागितलं तरी चौकात ऐकू जायचं. "अरेऽऽ, माहं गंगाळ घे! तांब्याचं! आत्ताच कल्हई केली! आरसा हाये आरसा!"

"खाऱ्या पाण्यात तांबं? लोणचं नासते त्यात, हा तं जिता जीव हाये. तुमच्या आरशात तुमीच तोंड पाहा."

तीन दिवसांत डब्यातलं पाणी वास मारायला लागलं. नवा समुद्र करणं आलं. अख्तरीला खारं पाणी एकाच मापाचं ठाऊक होतं, लोणच्याचं. खडेमीठ विरघळवत जायचं, अंडं वर तरंगलं की झालं. तिनं मीठ विरघळवलं, अंडं तरंगवलं आणि तारामासा आत सोडला. दुपारपर्यंत त्याचे चारही हात आक्रसले, कातडी वाळल्या आमसुलासारखी झाली.

"गेला वहाब बोटीवर," म्हणत ती बरणीत डोकावली.

तेवढ्यात ढिवरांची वच्छला मासळीची टोपली घेऊन दारात आली. गालात तंबाखू, त्यामुळे प्रत्येक शब्द चघळून बाहेर यायचा. "काय वो आपा, लोणचं घातलं का याचं?"

तिनं तंबाखू थुंकून चूळ भरली, एक बोट बरणीत बुडवून चाटलं, दुसरं डब्यात उरलेल्या पाण्यात. "हे डब्यातलं तं तोंडात धरता येते. तुह्या पान्यानं जीभ जळली माही!"

"समुद्र हाये, खारट तं राह्यनारच!"

"तू पाह्यला का?"

"तू पाह्यला का मोठी?"

"मी बी नाई पाह्यला. पन चाखला ना आत्ताच."

अख्तरीनं रागारागानं पदर खोचला. तारामासा आधी डब्यात परतला. मग दोघी बरणीशी बसल्या. एक थेंब डब्यातला, एक बरणीतला, की विहिरीचं पाणी ओत, पुन्हा चाख. दोन्ही चवी जुळल्या तेव्हा दोघींच्या जिभा सुन्न होत्या.

"आता रोज थोडं शिळं पानी काढ, नवं टाक. अन् गाडग्यानं वरून ओत, पान्यात हवा जाते. आमी जिते मासे तसेच बाजारात नेतो," वच्छला म्हणाली. खायला तिनं वर्धा नदीचे शिंपले आणून दिले.

तेव्हापासून रोज सकाळी अख्तरी बरणीपाशी. "खा बापा, खा. कोनाची वाट पाहून राह्यला? माह्या भावानं कधी इतके नखरे नाई केले!" बशीर घरी येताना गल्लीच्या तोंडापासूनच विचारायचा, "जगला काऽऽ साहेब?" सगळ्या वरोऱ्याला कळणार!

तेराव्या दिवशी तुटल्या जागी नव्या हाताचं तिळाएवढं टोक दिसलं. अख्तरीनं वच्छलेला दारावरून हात धरून आत ओढलं, टोपलीसकट.

वहाब आला आणि बरणीच उचलून नागपूरला गेला. आठवड्यानं कार्ड आलं. बशीरनं खणखणीत वाचलं, "आपा, नोकरी लागली. तारामासा मजेत हाये. प्रोफेसर म्हनतात, त्याले या बरनीची सवय झाली, राहू द्या."

समोर परातीत कैरीच्या फोडी चिरून पडलेल्या.

"गंगाळ देऊ का?" बशीर म्हणाला, पहिल्यांदाच हळू आवाजात.

"गंगाळ ठेवा, पेन घ्या. लिहा त्याले, आता नागपूर काही दूर नाई, दर रविवारी येत जा म्हनाव. अन् बरनी घेतल्याशिवाय आला, तं दारातूनच वापस धाडीन."

बशीर लिहीत होता तोवर तिनं फोडी झाकल्या आणि वच्छलेकडे बरणी मागायला निघाली.