व्याह्यांची घंटा पाचवी आली

इंग्लंडात जाऊन घंटा वाजवायला शिकलेला उमरी तालुक्यातला मी एकमेव माणूस आहे. दुसरा होऊ नये, असं घरच्यांचं म्हणणं आहे.

मुलाकडं तीन महिने होतो. करमेना म्हणून तिथल्या चर्चात जाऊ लागलो. एकेका घंटेच्या दोरीला एकेक माणूस, घंटा ओळीनं वाजवायच्या. एकजण हुकूम सोडतो, तशा शेजारच्या दोन घंटा नंबर बदलतात. शेवटी सगळ्या मूळ नंबरावर येतात. हुकूमवाल्याला सगळं पाठ पाहिजे. (मला अर्धं होतं!)

परत आलो तर मुलीची सोयरीक आलेली. लातूरचे पाहुणे, पसंती झालेली, फक्त संध्याकाळी सुपारी फुटायची होती. गप्प बसावं की नाही? पण आमच्या मारुतीच्या देवळात नवसाच्या पाच घंटा ओळीनं टांगलेल्या!

"चला, विलायती घंटा ऐकवतो!"

"अहो, आधी सुपारी तर फुटू द्या," बायको पुटपुटली.

ऐकतो कोण? पहिली घंटा होणाऱ्या व्याह्यांना, मान त्यांचा! दुसरी त्यांच्या धाकट्या भावाला, मग माझा भाऊ, मेहुणा आणि पुजारी. टण, टण, टण, टण, टण! व्याही खूश.

"एक-दोन, बदला!"

"दादाच्या आधी मी? न्हाई बा!" धाकट्यानं दोरीच सोडली. दादानंच त्याला दटावून वाजवायला लावलं. मला चेव आला. "दोन-तीन, बदला! तीन-चार! चार-पाच!"

व्याही पाचवे.

"पाव्हणं, आम्ही मुलाकडचे. अन् सगळ्यांच्या मागं?"

"आत्ता आणतो पुढं!" म्हणालो आणि पुढचं विसरलो. आठवेल ते ओरडत सुटलो. बाकीचे चौघं सारखे बदलत होते, व्याही तेवढे पाचवेच!

"थट्टा करायलात का आमची?" ते चपला शोधू लागले. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

बायकोनं पदर खोचला, आरतीचं ताट व्याह्यांच्या हाती दिलं. "दादा, आरती तुमच्याच हातची. अन् तुम्ही रे, सगळे एकदम वाजवा!" कुणी पहिलं नाही, कुणी शेवटचं नाही. व्याही हसले. सुपारी फुटली.

लग्नात त्यांनी मला आग्रहानं पंगतीत पहिल्या पाटावर बसवलं. मी भरून पावलो. तेवढ्यात ते ओरडले, "एक-दोन, बदला! दोन-तीन, बदला!"

पाट बदलत मी हात धुवायच्या टाकीपाशी पोचलो. माणसाला परत पहिल्या नंबरावर कसं आणायचं, ते व्याह्यांनाही पाठ नव्हतं!