चौतीस वर्षांचं ‘जी साब’

बोथला एमआरओ ऑफिसात, म्हणजे तहसील कचेरीत, चौतीस वर्षं कारकुनी केली, रिटायर झालो आणि सहा महिन्यांत घरातल्या भांड्यांनाही माझा कंटाळा आला. बी. ए. केव्हाचंच झालेलं होतं. म्हणून आदिलाबादच्या एका खाजगी लॉ कॉलेजात नाव घातलं. बायको म्हणाली, "आता या वयात वकील होऊन काय करान?" मी म्हणालो, "जे कायदे लोकांना इतकी वर्षं सांगितले, ते खरे होते का तेवढं पाहून येतो."

कॉलेज म्हणजे बाजारातल्या एका इमारतीचे वरचे दोन मजले. खाली बँक. बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स, पदवीनंतरचा तीन वर्षांचा, शिवाय भांडणं कोर्टाबाहेर मिटवायला शिकवणारा एक डिप्लोमा. मी तीन वर्षांवाला. पहिल्या दिवशी वर्गात शिरलो तर सगळी पोरं उठून उभी राहिली. मीच सर, असं त्यांना वाटलं. मलाही घटकाभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

कॉलेजची खरी शान म्हणजे मूट कोर्टाची खोली. तिथं खोटा खटला खऱ्यासारखा चालवायचा. चौथरा, लाकडी कठडा आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत बाहेरून बोलावलेलं कुणीतरी मोठं माणूस. दर वर्षी यातून एकच जोडी निवडून हैदराबादच्या स्पर्धेला पाठवत. माझी जोडीदार बेल्लमपल्लीची. बाप कोळशाच्या खाणीत, घरची भाषा तेलुगू. मला ती बाबाई, म्हणजे काका म्हणायची आणि माझ्या इंग्रजीला बिनधास्त हसायची. तिला हैदराबादला जायचंच होतं. तिथं मोठे वकील परीक्षक म्हणून येतात आणि चांगलं बोलणाऱ्याला हाताखाली घेतात, असं मूट कोर्ट शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं. तिच्या घरात वकील सोडा, काळा कोट शिवणारा शिंपीही कुणाच्या ओळखीचा नव्हता.

खटला जमिनीचा निघाला. एकाकडे रजिस्टर केलेलं खरेदीखत, दुसऱ्याचं नाव पहाणीत, म्हणजे महसुलाच्या वहीत. आम्ही खरेदीखतवाल्याचे वकील. पहाणीचं नाव ऐकून मी मिशीत हसलो. आयुष्यभर दुसरं केलं काय होतं? पोरीला म्हणालो, "तू निर्धास्त राहा."

निवडीच्या दिवशी खुर्चीत एक निवृत्त न्यायाधीश बसले होते. भारदस्त आवाज, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. मी पाठ केलेलं इंग्रजी धडाधड बोलत सुटलो. मध्येच त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "पण पहाणीत तर समोरच्याचं नाव आहे. मग जमीन त्याचीच झाली ना?"

"जी साब," मी म्हणालो.

माझं ऐकून मीच हबकलो. ऑफिसात आमची रीतच ती. साहेबाचं वाक्य संपलं की जी साब. साहेब म्हणाले फाईल हरवली, जी साब. साहेब म्हणाले हरवलीच नव्हती, जी साब. खरं काय ते बाहेर व्हरांड्यात येऊन आपसात बोलायचं. कासरा सुटलेल्या बैलासारखी जीभ आपल्या वाटेनं गेली होती.

मागं पोरं खुसखुसली. न्यायाधीशांनी पेन उचललं. "म्हणजे हा मुद्दा तुम्ही सोडला. लिहून घेऊ?"

पुन्हा ‘जी’ ओठांवर आला. तेवढ्यात बाही ओढली गेली. "बाबाई, कादनि चेप्पंडि." नाही म्हणा. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिची वर्षभराची मेहनत मी दोन शब्दांत बुडवायला निघालो होतो. स्वतःचा इतका संताप मला पूर्वी कधी आला नव्हता.

"नाही साहेब," मी म्हणालो. हात मात्र जोडलेलेच होते.

"का नाही?"

मग पाठांतर गेलं चुलीत. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की साहेब, पहाणीत नाव चढलं म्हणून कुणी मालक होत नाही. शेतसारा कुणाकडून घ्यायचा, तेवढंच ती वही सांगते. नाव चढवणाऱ्या कारकुनाला जमीन वाटायचा अधिकार कुणी दिला? न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. पुढचं सगळं पोरीनं सांभाळलं आणि काय सांभाळलं! आमचीच जोडी निवडली गेली. तिनं जिन्यातच बापाला फोन लावला आणि मला बँकेसमोरच्या गाड्यावर मिरची भजी खायला घातली.

संध्याकाळच्या बसनं फुगतच घरी आलो. बायको अंगणात मेथी निवडत होती. तिला सगळं साग्रसंगीत सांगितलं. ‘नाही साहेब’ तर दोनदा करून दाखवलं. तिनं मान वर केली नाही.

"साहेबाले नाही म्हनायले तुमाले एवढी वर्सं लागली? मले तं पटकन म्हनता."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. बारावीला बसते म्हणाली, मी नाही म्हणालो. शिवणाच्या क्लासला, नाही. बचत गटाच्या बाया तिला अध्यक्ष करायला निघाल्या होत्या, तेव्हा तर मी पुरतं ऐकूनही घेतलं नव्हतं. ऑफिसात गिळलेले सगळे नकार मी घरी आणून तिला वाढले होते. मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून एक फॉर्म आणला. गावोगाव लोकांना कायद्याची माहिती देणाऱ्यांसाठी तीन महिन्यांचा वर्ग होता, दहावी पास चालत होतं. तिच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "तुझं नाव भरू का?"

तिनं हात पुसले, चष्मा लावला, फॉर्म दोन्ही बाजूंनी सावकाश वाचला. नीट घडी करून माझ्या हातात परत दिला.

"नाही," ती म्हणाली. "मले नाही जायचं. पन इचारलं तुमी, बरं वाटलं."