नाल्याकाठचा कॅमेरा

तडसाचा अभ्यास करते म्हटलं की लातूरला आमच्या गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. "मढी उकरतंय ते ना?" असं विचारायच्या. आई पाहुण्यांना नुसतं 'जंगलावर संशोधन करते' एवढंच सांगायची. त्या कामाची लाज मला कधी वाटली नाही. वाटली ती पुढं, किनवट तालुक्यात, आणि त्यात तडसाचा काही दोष नव्हता.

इस्लापूरहून आत गेलं की जंगलाला लागून एक लहानसं गाव आहे. त्या उन्हाळ्यात मी आणि माझा एक सहकारी, नांदेडचाच मुलगा, तिथं काम करत होतो. तडसं कोणत्या वाटेनं फिरतात, गावाच्या किती जवळ येतात हे आम्हाला पाहायचं होतं. त्यासाठी झाडांच्या बुंध्याला कॅमेरे बांधायचे. समोरून काही हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो, अंधारातसुद्धा, आणि उजेड अजिबात पडत नाही. विटेएवढी हिरवट पेटी. गावात तिला सगळे डब्बा म्हणायचे.

राहायला आम्ही इस्लापूरला दोन खोल्या घेतल्या होत्या. दुपारचं जेवण मात्र गावातल्या एका मावशीकडं असायचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नायगावकडं दिलेली. दारात मोहाची फुलं वाळत घातलेली असायची आणि त्यांच्या गोड उग्र वासात आम्ही भाकरी-पिठलं खायचो. मावशी बोलकी होती. आम्ही रानडुकराचे, अस्वलाचे फोटो मोबाइलवर दाखवले की ती शेजारणींनाही हाक मारायची.

एकदा वाढता वाढता तिनं विचारलं, "बाई, त्या डब्ब्यातलं कोन कोन बघतंय?"

मला वाटलं, तिला कामाचं कौतुक आहे. मी उत्साहानं सांगत सुटले. "आम्ही बघतो, आमचे सर बघतात. चांगला फोटो आला तर मोठ्या सभेत पडद्यावर दाखवतात. परदेशातले लोकसुद्धा बघतात."

"हाव का," म्हणून ती चुलीकडं वळली. पुढचे काही दिवस ती कमी बोलत होती. उन्हानं दमत असेल असं मी धरून चालले. वाढताना ती अधूनमधून माझ्या तोंडाकडं बघत राहायची, तेही मला दिसत होतं. त्याचा अर्थ मात्र मी लावला नाही.

त्याच आठवड्यात आम्ही नाल्याकाठच्या कॅमेऱ्याचं कार्ड काढून आणलं. ती जागा मीच निवडली होती. नाल्याच्या वाळूत तडसाची पावलं होती, बाजूला पळसाची दाट झुडपं, येण्याजाण्याची मळलेली वाट. दुपारी खोलीवर सहकाऱ्यानं लॅपटॉप उघडला. मी पाण्याची बाटली भरत होते. तो एकदम उठला, लॅपटॉपचं झाकण अर्धं लोटलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "हे तू बघ. मी बाहेर बसतो."

फोटो पहाटेचे होते, करडे, बिनरंगी. पहिल्या फोटोत एक बाई झुडपाआड बसलेली होती. शेजारी पाण्याचं टमरेल. दुसऱ्यात तिनं मान वर केलेली. तिसऱ्यात ती उभी राहून लुगडं सावरत होती आणि सरळ कॅमेऱ्याकडं बघत होती. त्यापुढच्या फोटोत तिचा चेहरा इतका जवळ होता की कपाळावरचं गोंदण दिसत होतं. शेवटी नुसता काळोख. तिनं भिंगावर तळहात ठेवला होता.

मावशी होती. फोटोवरची तारीख तिनं डब्ब्याबद्दल विचारलं त्याच्या आदल्या दिवसाची होती. म्हणजे तिला माहीत होतं. माहीत असून इतके दिवस तिनं आम्हाला जेवू घातलं होतं, आणि मी तिला पडद्याचं अन् परदेशातल्या लोकांचं सांगितलं होतं.

मागं गेले तर आणखी फोटो होते, आणखी बायका. ती वाट तडसाची होती तशी त्यांचीही होती. गावात घरोघरी सरकारी संडास होते, पण हातपंप उन्हाळ्यात कोरडा पडायचा आणि संडासात सरपण रचलेलं असायचं. हे मी रोज बघत होते. मग बायका जातात कुठं, हा प्रश्न मला, एका बाईला, पडला नव्हता. मी इस्लापूरला खोलीतल्या मोरीत दार लावून अंघोळ करत होते.

बायकांचे सगळे फोटो मी पुसले. मूळ माहितीतलं काही पुसायचं नाही असा आमच्या सरांचा नियम होता, म्हणून त्यांना लगेच फोन करून सांगितलं. सर म्हणाले, "ठीक आहे. पण कॅमेरा काढू नकोस. तीच मुख्य वाट आहे. थोडा खाली वळव."

"सर, खाली वळवला तरी त्यांना कसं कळणार, काय दिसतं अन् काय नाही ते?"

"अगं, वर्षाचं काम आहे हे."

"मी काढून आणते, सर," मी म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

कॅमेरा सोडून आणला आणि तशीच मावशीकडं गेले. ती मोहाची फुलं चाळत होती. कॅमेरा तिच्यापुढं ठेवला आणि काय सांगायचं ठरवलं होतं ते विसरले. "मावशी, मला आज कळलं," एवढंच निघालं.

तिनं चाळण खाली ठेवली नाही. "मी रोज तुज्या तोंडाकडं बघून राहिले. म्हनलं, हिला ठावं हाय का न्हाई? ठावं असून खाऊन राहिली का काय?"

"नव्हतं माहीत. आज सगळे पुसून टाकले."

"त्या पोरानं बघितलं का?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण ती माझ्याकडं बघत होती.

"हो. आधी त्याच्याच नजरेस पडलं. तो लगेच उठून गेला."

तिनं चाळणीतला कचरा बाजूला झटकला. मग म्हणाली, "त्याला उद्यापासून जेवाया आनू नको. त्याचा कसूर न्हाई. पन मला त्याच्यापुढं भाकर टाकनं व्हनार न्हाई." आणि थोड्या वेळानं, "तू येत जा."

सहकारी इस्लापूर स्टेशनजवळच्या खानावळीत जेवू लागला. एका शब्दानं त्यानं कुरकूर केली नाही. मावशी दिसली की तो रस्ता बदलायचा.

दुसऱ्या दिवशी मावशीनं शेजारच्या बायका गोळा केल्या आणि मी त्यांना प्रत्येक कॅमेऱ्यापाशी घेऊन गेले. एका झाडापाशी एक तरणी सून थांबली आणि म्हणाली, "ह्यो पन काढा." तडसाची गुहा तिथून जवळ होती. मी काढला. पुढं त्यांनी आणखी एक काढायला लावला. एक म्हातारी मागून म्हणाली, "जनावराची एवढी फिकीर, बाया काय दगड हायत का?" मी दोऱ्या सोडत राहिले.

अभ्यास पूर्ण झाला, पण नकाशात नाल्याचा तो भाग कोरा राहिला. नांदेडला सभेत मी काम मांडलं तेव्हा एका प्राध्यापकांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. सर पहिल्या रांगेत होते. तांत्रिक अडचण म्हणून वेळ मारून नेता आली असती. मी सांगितलं, "तिथं गावातल्या बायका बसतात. न विचारता कॅमेरा लावला होता, म्हणून काढला." मागं कुणीतरी खुदकन हसलं. सर खाली बघत होते. नंतर चहाच्या वेळी ते एवढंच म्हणाले, "आता नव्या मुलांना आधी गावातल्या बायकांना विचारायला सांगू." मी मान हलवली. हा नियम कुणाच्या अब्रूची किंमत देऊन आला हे दोघांनाही माहीत होतं.

गाव सोडताना मी मावशीकडं निरोप घ्यायला गेले होते. तिनं चहा केला. मुलीला दिवस गेल्याचं सांगितलं, पावसाचं बोलली. तिचं वागणं पूर्वीसारखं होतं असं मला म्हणायचं आहे, पण तसं ते नव्हतं. उठताना माझ्या तोंडून गेलं, "मावशी, आठवण म्हणून तुमचा एक फोटो काढू का?"

"नको," ती म्हणाली. रागानं नाही, अगदी साधं.

मी पायात चपला घातल्या. ती कप विसळायला आत गेली.