वेंगुर्ल्याचा रस्ता भोसरीतून

वेंगुर्ला आमच्या दिघीच्या घरापासून दक्षिणेला सव्वाचारशे किलोमीटरवर आहे. आमचा प्रवास मात्र उत्तरेला, चाकणच्या दिशेने सुरू झाला. रविवार होता, कंटेनर कमी होते आणि मोशीपर्यंत एकदाही ब्रेकवर उभं राहावं लागलं नाही. पुढच्या प्रवासाच्या दृष्टीने मला हे शुभ वाटलं.

आधी गाडीची ओळख करून देतो. रंग लाल, दारं दोन, आसनंही दोनच, आणि कापडी छप्पर मागे दुमडता येतं. अंग फायबरचं आहे आणि ती इतकी बुटकी आहे की सिग्नलला रिक्षावाला वरून खाली बघून बोलतो. आपल्याच देशात थोड्या संख्येने बनली, बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली. वय पंचविशीच्या आसपास. मी पन्नाशी ओलांडलेला, चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करणारा माणूस. ही गाडी मला शोभत नाही यावर दोन्हीकडच्या नातेवाइकांचं एकमत आहे.

मागच्या वर्षी हीच गाडी घेऊन आम्ही वेंगुर्ल्याला, माझ्या पत्नीच्या, सुनंदाच्या, थोरल्या बहिणीकडे निघालो होतो. शिरवळच्या पुढे इंजिनातलं पाणी उकळलं. सुनंदा टोइंगच्या ट्रकमध्ये ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्या मधे बसून परत आली. ती चिडली नाही. घरी आल्यावर चहा टाकताना एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी आणखी एकदा जाऊ. पुन्हा अडकली तर मी एसटीने पुढे जाईन आणि तुम्ही ही विकून टाका." मी कबूल झालो. वाकडच्या एका जुन्या गाड्यांच्या शौकिनाला ही गोष्ट कुठून तरी कळली, आणि तेव्हापासून तो अधूनमधून फोन करून गाडीची प्रकृती विचारत असे.

चाकणला टायर बदलायचे होते. जुन्यांची नक्षी चांगली होती, पण टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. त्यानुसार माझे टायर नऊ वर्षांचे होते. रबर आतून वाळतं, वरून दिसत नाही. दुकानदाराने गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "भाऊ, सीट दोनच? मग सासूबाई आल्या की?"

"त्या येत नाहीत," मी म्हणालो.

"मग गाडी लाखमोलाची हाय राव," तो म्हणाला आणि जॅक लावायला लागला.

त्याच्याच शेजारच्या दुकानात पाण्याचे रबरी पाइप घेतले. आमच्या गाडीचे आता कुठेच मिळत नाहीत. दुकानदाराने माझा जुना पाइप हातात धरून फळ्यांवरून नजर फिरवली आणि एका छोट्या टेम्पोचा, अगदी तसाच वळणाचा पाइप काढला. तो बोटभर जास्त लांब होता, तेवढा कापला. या पट्ट्यात राहण्याचा हा फायदा आहे. वस्तू मिळाली नाही तर जवळपासची सापडते, आणि तीही नसेल तर बनवून मिळते.

पुढच्या रविवारी चाचणी म्हणून देहूला गेलो. सुनंदा बरोबर आली, पण देवाला जायचं म्हणून, चाचणीसाठी नाही, हे तिने निघतानाच स्पष्ट केलं. छप्पर उघडं होतं. इंद्रायणीच्या काठी आम्ही गरम भजी आणि चहा घेतला, पायऱ्यांवर बसलो. वाऱ्याने सुनंदाचे केस पार विस्कटले होते आणि ते नीट करायची तिला घाई दिसत नव्हती. मला बरं वाटलं. परत गाडीजवळ आलो तेव्हा पुढच्या चाकापाशी जमिनीवर हिरवट थेंब होते. ते तिनेच आधी पाहिले.

"गळतंय?"

"बघतो."

"बघा," ती म्हणाली आणि दार ओढून आत बसली.

इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाचा दांडा झिजला होता. नवा पंप मिळणं शक्यच नव्हतं. म्हणून भोसरीत नानांकडे गेलो. नाना मूळ भोसरीचेच. घरची शेती एमआयडीसीत गेली आणि त्यांच्या वडिलांनी राहिलेल्या तुकड्यावर पत्र्याची शेड टाकून एक लेथ मशीन बसवलं. आता शेडमध्ये चार मशिनं आहेत, पण ते पहिलं लेथ नाना स्वतःच चालवतात. त्यांनी दांडा हातात फिरवून पाहिला, माप उतरवून घेतलं आणि तेवढ्यापुरता परत बसवायला दिला. "बनवू की. पंप हितंच बसवून देतो. नवमीच्या सकाळी गाडी घिऊन या," म्हणाले.

दसऱ्याला पहाटे निघायचं ठरलं होतं, तेव्हा नवमी मला सोयीची होती. भोसरीतले कारखाने वीजबंदीमुळे गुरुवारी बंद असतात, म्हणून नवमी गुरुवारी येत नाही एवढं मी कॅलेंडरमध्ये पाहून घेतलं. खंडेनवमी (त्या दिवशी होणारी हत्यारांची पूजा) मला माहीत नव्हती असं नाही. आमच्या कारखान्यातही ती होते. पण तिथे सकाळी पूजा, हातावर पेढा आणि दुपारच्या शिफ्टला मशिनं सुरू. सगळीकडे तसंच असणार असं मी धरून चाललो.

नवमीला शेडमध्ये शिरलो तर फरशी धुतलेली, मशिनांना हळदीकुंकू, नट आवळायचे पाने आणि मोजपट्ट्या पाटावर मांडलेल्या, उदबत्ती चालू. माझा दांडा तयार होता. तो लेथच्या चकमध्ये (काम घट्ट धरणाऱ्या जबड्यात) होता आणि त्याच्यावर झेंडूचं फूल होतं.

मी म्हणालो, चक सैल करून द्या, बाकीचं मी दुसरीकडे बसवून घेतो. नाना हसले.

"साहेब, आज न्हाई. एकदा पुजलं की उद्या आरती हुईस्तोवर हत्याराला हात लावत न्हाई आमी."

"एक चावी फिरवायची आहे फक्त."

"तेच म्हंतोय मी. ती चावी बी पाटावर बसलीय." मग जरा समजुतीच्या आवाजात म्हणाले, "जमीन गेली तवा ह्या लेथनं आमचं घर चालवलं. वरीसभर राबती. तिला एक दिस सुट्टी नको व्हय?"

मी बाहेर आलो. सुनंदाला फोन केला. ती हसत असावी, पण आवाज कोरडा ठेवून म्हणाली, "लेथला सुट्टी मिळाली, मलाही मिळाली आहे. उद्या दुपारपर्यंत थांबते. त्यानंतर स्वारगेट."

दसऱ्याला सकाळी आरती झाली. नानांनी चक सोडला, माप घेतलं आणि त्यांच्या फिटरने पंप बसवला. मी इंजिन बराच वेळ चालू ठेवून खाली कोरडा कागद पसरला. कागद कोरडाच राहिला. सुनंदा रिक्षाने बॅगा घेऊन तिथेच आली. निघताना नानांनी थांबवलं. मशिनांसाठी आणलेल्या झेंडूचा मनगटाएवढा जाड हार, मधे आंब्याची पानं. तो त्यांनी गाडीच्या तोंडाला आडवा लावला आणि बारीक तारेने दोन्हीकडे पक्का बांधला.

"सासरी चालली. मुंडावळ्या नकोत व्हय?"

सुनंदाने फोटो काढला. गाडी खरोखर छान दिसत होती.

वेळापत्रकाप्रमाणे आम्ही पहाटेच्या गारव्यात घाट चढणार होतो. प्रत्यक्षात खंबाटकीच्या पायथ्याशी पोहोचलो तेव्हा भर दुपार होती आणि दसऱ्याच्या सुमारास पडतं ते ऊन तापलं होतं. मागच्या वर्षी बंद पडलो ती जागा आधीच मागे गेली होती. पहिल्या वळणानंतर तापमानाचा काटा मध्यावरून हलला. दुसऱ्या वळणावर पाऊण भाग ओलांडला. मी एसी बंद करून हीटर लावला, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आत येते. त्या उन्हात पायांवर गरम हवा सुरू झाल्यावर सुनंदाने ओढणी डोक्यावर घेतली आणि सरळ पुढे बघत राहिली. काटा लाल पट्टीला टेकायला आला तेव्हा मी कडेला, एका ट्रकच्या मागे गाडी लावली.

खाली वाकून पाहिलं. थेंब नाही. पाइप कोरडे. पंप गळत नाही म्हणजे तो पाणीच फिरवत नसणार, दांडा आत कुठेतरी सरकला असणार, असा मी हिशेब मांडला. रस्त्याच्या कडेला तो दुरुस्त होणं शक्य नव्हतं. सुनंदाने मागून तिची बॅग काढली. मी तिला थांब म्हणू शकत नव्हतो. शब्द दिलेला होता. वाकडच्या माणसाशी काय बोलायचं याची वाक्यं माझ्या मनात जुळायला लागली होती.

ती बॅग घेऊन गाडीच्या पुढून वळसा घालून निघाली आणि मधेच थांबली. मग बॅग खाली ठेवून उकिडवी बसली.

"अहो, इकडे या. तुमच्या गाडीनं हार खाल्लाय."

आमच्या गाडीला हवा घ्यायला बंपरखाली एक हातभर फट आहे, तेवढीच. हार नेमका तिच्यावर आडवा होता. वेगाने आणि पंख्याच्या ओढीने अर्धी फुलं आत गेली होती, आणि रेडिएटरवर झेंडूच्या पाकळ्यांची नि पानांची गोधडी बसली होती. मी टायरचा आठवडा वाचला होता, पाइप बोटाने मोजला होता. आणि हा हार बांधताना मी शेजारी उभा राहून हसलो होतो.

रेडिएटर निवेपर्यंत आम्ही थांबलो. मग नानांची तार मी सोडली आणि सुनंदाने केसातली पिन काढून फटीतल्या पाकळ्या एकेक ओढल्या. ट्रकचा ड्रायव्हर पाण्याची बाटली घेऊन बघायला आला. काय झालं ते कळल्यावर म्हणाला, "वहिनी, देव पावला म्हणायचं की कोपला?" सुनंदा म्हणाली, "पावला, पण जरा जास्तच जवळ आला." मग तिने बॅग उचलली. मी बघत राहिलो. तिने ती मागे ठेवली आणि आपल्या जागेवर बसली.

घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत काटा मध्यावर होता. कोल्हापूरला रात्रीचा मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी आंबोलीच्या धुक्यात छप्पर उघडं ठेवलं आणि दोघंही भिजलो. वेंगुर्ल्यात थोरलीने खतखतं (कंद आणि भाज्यांचं तिरफळ घातलेलं मिश्रण) वाढलं, आणि ते खाताना सुनंदाने हाराची गोष्ट सगळ्यांना सांगितली. तिच्या सांगण्यात घाट जरा जास्त उंच झाला होता. मी दुरुस्त केलं नाही.

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवत होतो आणि माझा फोन तिच्याकडे होता. साताऱ्याच्या अलीकडे वाकडच्या माणसाचा फोन आला. तिने उचलला. तो बराच बोलला असावा.

"नाही, द्यायची नाही," ती म्हणाली. "नाही हो, किमतीचं काही नाही. आम्हाला लागते."

फोन ठेवून ती खिडकीबाहेर ऊस बघायला लागली. मी गाडी चालवत राहिलो. प्रवासाच्या तयारीत आपण सगळं तपासतो आणि जे तपासायचं राहतं तेच वाटेत भेटतं, हे या वेळी मला कळलं, आणि त्याचं फार वाईट वाटलं नाही. पुढे बोगदा आला, तोही गेला. उतारावर माझ्या लक्षात आलं की नवमीपासून मी खांदे कानांजवळ आखडून बसलो होतो. मी ते खाली सोडले.