सुईची टोचणी

करंजाच्या तेलाचा वास आला की मला इंग्रजांच्या काळातलं आमचं चिचगडचं घर आठवतं. माझ्या मोठ्या बहिणीच्या कोपरांवर आणि पाठीवर लाल चट्टे उठले होते, त्यांतून कोंडा झडायचा आणि माय त्यांवर ते तेल चोळायची. विहिरीवरच्या बाया तिला पाहून घागरी बाजूला ओढायच्या. महारोग निघाला तर तिला गावाबाहेर झोपडीत ठेवावं लागेल, हे घरात कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं. शेवटी बाबा आम्हा दोघींना बैलगाडीत बसवून जंगलातल्या वाटेनं गोंदियाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. वाटभर ती लुगड्यात तोंड झाकून बसली होती. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले आणि चट्ट्यावर सुई टोचली. जागा बधिर निघाली तर महारोग, एवढं बाबांनी मला सांगितलं होतं. तेवढ्यात ती ओरडली, "दुखते ना जी! काऊन टोचून राहिले?" बाबा रडायला लागले. मग डॉक्टरांनी विचारलं, "पेट कैसा रहता है?" ती लाजली. पावसाळ्यापासून तिला आव पडत होती आणि तिनं ते मायलाही सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "पहले पेट सुधारो. चमड़ी की आग कभी-कभी वहीं से उठती है." त्यांच्या पुड्या आणि ताकभात घेऊन तिचं पोट सावरलं, तसे हिवाळ्यात चट्टे फिके पडले, पुरते मात्र कधीच गेले नाहीत. आजही एखाद्या नातवंडाच्या अंगावर लाल डाग दिसला की मी आधी विचारते, "पोट बरा हाय ना रे?"