लिफ्टमामांची बदली

आमच्या मामांचा जन्म वर-खाली करण्यातच गेला. एका जुन्या कचेरीत ते लिफ्टमन होते. जाळीचा दरवाजा, पितळी दांडा आणि कोपऱ्यातलं स्टूल, एवढाच यांचा संसार, असं मामी म्हणायची. बदली माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय मामा स्टूल सोडत नसत. स्वतःच्या लग्नालासुद्धा ते त्यापायी उशिरा पोचले. मामी ते विसरलेली नाही आणि कुणाला विसरूही देत नाही.

निवृत्त झाल्यावर मामा खिडकीशी बसून राहिले, आणि बसल्या बसल्या वाळत गेले. कप उचलायलाही दोन्ही हात लागायचे. मग आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या, "गाठ मी काढीन. पण एवढ्या थकलेल्या शरीरानं ऑपरेशननंतर अंथरूण धरलं तर छातीत कफ भरतो, आणि मग माणूस उठत नाही. आधी थोडी ताकद कमवू. आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी त्यांना उभं करायचं म्हणजे करायचंच."

आजारी माणसाला व्यायाम म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. पण मामी म्हणाली, "तू गप्प बस. मला हा माणूस घरी परत हवाय."

दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी अंडी आणि दूध सांगितलं, आणि श्वास ओढून आतले गोळे वर उचलायचं यंत्र दिलं. ते मामांना फार आवडलं. गोळा वर गेला की धापा टाकत म्हणायचे, "वरचा मजला!" पण बाई "रोज जिना चढा" म्हणाल्या तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं.

"जन्मभर लोकांना ज्यातून वाचवलं, तेच माझ्या नशिबी?"

तरी चढले. दुपारच्या उन्हात पुढे मामी, मध्ये मामा, मागे मी. ते अर्धवट झोपेत असल्यासारखे चढायचे. कुणाच्या दाराआडून शिलाई मशीनचा आवाज यायचा, कुठून ओल्या कपड्यांचा वास. मामा कठड्याला धरून थांबायचे, डोळे मिटायचे. "लिफ्टमध्ये सगळे वास एक होतात गं," ते हळूच म्हणायचे. "इथं प्रत्येक मजल्याचा वेगळा." ऊन पायऱ्यांवरून उतरत जायचं आणि आम्ही वर. त्या दुपारी मला वाटायचं, हा जिना कधी संपूच नये.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी डोळे उघडले, पण ते आमच्यात नव्हते. खाटेची दांडी घट्ट धरून त्यांनी नर्सला विचारलं, "कितवा मजला?"

"आजोबा, पाय खाली सोडा. उठायचंय ना?"

"मी उतरत नसतो. तुम्ही उतरा."

भुलीनंतर म्हाताऱ्या माणसांना असा भ्रम होतो, उतरेल हळूहळू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण छातीतला कफ तोवर थांबणार नव्हता. दुपारपर्यंत खोकताना छाती घरघरू लागली. व्यायामाच्या बाईंनी गोड बोलून पाहिलं, मी रागावून पाहिलं. मामा ढिम्म. पडदा हलला की म्हणायचे, "दार लावा, लिफ्ट सुटतेय." मला तिथंच रडू फुटलं.

मामी खाटेच्या पायथ्याशी बसली होती. ती उठली. चष्मा पुसला, केस सारखे केले आणि खाटेसमोर ताठ उभी राहिली.

"उठा. मी बदली आलेय."

मामांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"उशीर केलास."

"तुमच्या लग्नाइतका नाही."

मामा हसले. मग दांडीवरचा हात त्यांनी सावकाश काढला आणि पाय खाली सोडले. नर्स एका बाजूला, व्यायामाच्या बाई दुसऱ्या. मामा उभे राहिले. डोलले, सावरले. लगेच मामी त्यांच्या जागी बसली आणि तिनं दांडी धरली.

"जागा सोडू नकोस हं."

"नाही सोडत. तुम्ही जाऊन या."

"जिन्यानं जातो," मामा म्हणाले आणि एकेक पाऊल टाकत पडद्यापलीकडे गेले.

त्यांच्या पावलांचा आवाज वॉर्डभर फिरत होता. मामी दोन्ही हातांनी दांडी धरून बसली होती. गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायलासुद्धा तिनं हात काढला नाही.