दीड कोटींची यादी

बँकेचं पत्र आलं तेव्हा आशा करगळ मंचरच्या भाजीबाजारात साळुबाईच्या मेथीच्या जुड्यांसमोर उकिडवी बसली होती. गळ्यातल्या छोट्या मशीनमधून शंभर रुपयांची पावती निघत होती. मोबाईल वाजला. तिनं एका हातानं तो उघडला, पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि परत पिशवीत टाकला.

"कुनाचा गं?" साळुबाईनं विचारलं.

"कुनाचा न्हाई. कंपनीचा मेसेज."

साळुबाईनं पावती चोळीत सारली आणि गिऱ्हाइकाकडं वळली. आशा पुढच्या गाळ्याकडं निघाली. त्या सकाळी तिनं अजून चाळीस पावत्या फाडल्या, पण कुणाशी काय बोलली ते तिला नंतर आठवेना.

ती छत्तीस वर्षांची होती. एका पतसंस्थेत अकरा वर्षं झाली होती. सकाळी बाजारात फिरून लोकांची रोजची बचत गोळा करायची आणि अकरानंतर काउंटरला बसायचं. हातात येणारा पगार सोळा हजार दोनशे. वरची खुर्ची एकच होती, मॅनेजर भगवंत साहेबांची. साहेब दोन वर्षांत निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी चेअरमनांचा पुतण्या बसणार, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. आशालाही. तिनं त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती, कारण तक्रार ऐकायला कुणी नव्हतं.

तिचं गाव बेल्ह्याजवळची एक वस्ती. आईबाप मेंढरांवर. दिवाळी झाली की जानकू आणि रतनबाई कळप घेऊन माळशेज घाट उतरून कोकणात जायचे, ते पाऊस तोंडावर आला की वर यायचे. आशाला सहाव्या वर्षी आश्रमशाळेत ठेवलं. पुढं वसतिगृह, मग बी.कॉम., मग मंचरला भाड्याची खोली. लग्नाची दोन स्थळं आली होती. एकाला मेंढरांमागं चालणारी बायको हवी होती, दुसऱ्यानं चहा यायच्या आधी पगार विचारला. दोन्ही जमली नाहीत आणि नंतर विचारणारेच थांबले.

नव्या बँकेची जाहिरात तिनं स्वतः शोधली होती. मुलाखतीला सुट्टी टाकून पुण्याला गेली. काचेच्या खोलीत तिघं बसले होते. व्याजाचे प्रश्न विचारले, केवायसीचे विचारले, तिनं सगळ्यांची उत्तरं दिली. मग मधला माणूस पुढं वाकला.

"मंचरला आमची शाखा उघडतेय. तुमच्या ओळखीनं किती डिपॉझिट येईल?"

"म्हणजे?"

"अकरा वर्षं बाजारात फिरताय. लोक तुमच्यावर विश्वास ठेवतात. पहिल्या वर्षी दीड कोटी धरायचे का?"

तिनं मनात आकडा मांडून पाहिला. आडतदार हौशीराम एकटाच चाळीस लाखांचा होता. डेअरीवाले होते, दोन डॉक्टर होते. "होतील," ती म्हणाली. खोलीतले तिघंही हसले आणि तिला पाणी विचारलं.

पत्र आलं त्या गुरुवारी संध्याकाळी खोलीवर तिनं ते नीट वाचलं. वार्षिक चार लाख वीस हजार. तिनं वही घेऊन तो आकडा सोलून काढला. त्यातले साठ हजार टार्गेट पूर्ण झालं तरच मिळणार होते. पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा वजा जाता हातात यायचे सव्वीस हजार आठशे. तरी आताच्यापेक्षा दहा हजार सहाशे जास्त. सहा महिने प्रोबेशन, तीन महिन्यांची नोटीस. आणि बँकेत लागलं की बँकवाल्यांची परीक्षा देता येते, ती झाली की डेप्युटी मॅनेजर, पुढं शाखा. पतसंस्थेत तिच्यापुढं काहीच नव्हतं. इथं निदान जिना दिसत होता.

पत्राच्या शेवटी एक ओळ होती. रुजू होण्याआधी संभाव्य ग्राहकांची यादी सोबतच्या तक्त्यात भरून पाठवावी. मंगळवारपर्यंत उत्तर हवं होतं.

तिनं भावाला फोन लावला. ऋतिक चाकणच्या कंपनीत होता, मागं मशीनचा आवाज येत होता.

"सव्वीस हजार? घे की मंग. विचारतीस काय?"

"ते यादी मागत्यात. गिऱ्हाइकांची."

"दे की. यादीच तर हाय. ताई, सुपरवायझर आलाय, रातच्याला बोलू." त्याचा फोन नंतर आला नाही, आणि तिनंही केला नाही. दुसरं कुणाला विचारावं म्हणून ती मोबाईलमधली नावं वर-खाली करत राहिली. साडेचारशे नंबर होते. जवळजवळ सगळे खातेदार.

रविवारी ती आळेफाट्यावरून कल्याणची एसटी पकडून माळशेज उतरली. टोकावड्याच्या अलीकडं, कापणी झालेल्या भातखाचरात मेंढरांचा वाडा, म्हणजे मुक्काम, बसला होता. रतनबाई तीन दगडांवर भाकरी थापत होती. लेकीला बघून तिनं हात पुसले, पण उठली नाही. तव्यावर भाकरी होती.

"आशे, तू कशी काय गं? कोन आजारी हाय का?"

"कोन न्हाई आय. असंच आले."

"असंच कोन येतं एवढ्या लांब."

जानकू दुपार कलल्यावर कळप घेऊन आला. शेतमालकानं आणखी दोन दिवस मेंढरं बसवू दिली नाहीत म्हणून तो वैतागला होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच बिऱ्हाड हलवायचं होतं. आशानं सांगायला सुरुवात केली. त्यानं घोंगडीवर बसून मन लावून ऐकलं.

"सरकारी हाय का?"

"न्हाई आबा. खाजगी बँक."

"पेन्शन?"

"न्हाई."

"मंग आत्ताच्यात न् त्याच्यात फरक काय?"

"पगार जास्त हाय. पुढं वर जाता येतं."

"वर कुठं?"

तिला डेप्युटी मॅनेजर हा शब्द त्या रानात सांगता येईना. "मोठ्या खुर्चीवर," ती म्हणाली. जानकूनं मान हलवली. तेवढ्यात एक मेंढी लंगडताना त्याला दिसली आणि तो तिचा खूर बघायला उठला. काटा निघाला, जखम धुतली, हळद भरली, आणि मग तो घोड्याचं दावं बघायला गेला. यादीचं बोलणं राहिलं ते राहिलंच.

रतनबाईनं भाकरी आणि लसणाची चटणी पुढं ठेवली. "तिकडं तुला सोबत कोन हाय?"

"मंचरलाच हाय गं शाखा. खोली तीच."

"मंग मंचरला तरी कोन हाय?"

आशा जेवत राहिली. आईनं ते टोचून विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. चारच्या गाडीला तिला रस्त्यापर्यंत सोडायला कुणी आलं नाही, कारण कळपाजवळ माणूस लागतो. खाचराच्या बांधावरून तिनं मागं बघितलं तेव्हा दोघंही पाठमोरी होती.

सोमवारी काउंटर बंद झाल्यावर ती खोलीवर आली आणि तक्ता भरायला बसली. नाव, व्यवसाय, अंदाजे ठेव, मोबाईल नंबर. हौशीराम पहिला. डेअरीवाले दोघं भाऊ. डॉक्टर. गॅरेजवाला. नावं भराभर उतरत होती आणि ठेवींची बेरीज नव्वद लाखांवर गेली. तिला बरं वाटत होतं. अकरा वर्षांत एवढी माणसं आपण जोडली, हे तिनं कधी असं एका कागदावर पाहिलं नव्हतं.

चौदाव्या ओळीवर तिनं साळुबाईचं नाव लिहिलं. ठेव: तीन लाख दहा हजार. शंभर-शंभर करून नऊ वर्षांत साठलेले. मग मोबाईल नंबरच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

साळुबाईकडं फोन नव्हता. घरात एकच, मोठ्या मुलाचा. त्या मुलाला ही ठेव माहीत नव्हती, आणि माहीत झाली तर ती आठवडाभरही राहणार नाही, हे साळुबाईनं तिला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. म्हणून तर ती पतसंस्थेत आली होती. इथून घरी फोन जात नाही, मेसेज जात नाही.

आशानं नंबर लिहिला नाही. वाटलं, एक नाव गाळू. तिनं ते खोडलं आणि वरच्या ओळींकडं बघितलं. गॅरेजवाल्याची ठेव त्याच्या भागीदाराला ठाऊक नव्हती. डॉक्टरीणबाईंची त्यांच्या नवऱ्याला. धाकट्या डेअरीवाल्यानं मुलीच्या घटस्फोटाच्या खर्चासाठी वेगळी काढलेली होती. हे सगळं त्यांनी तिला पावती फाडता फाडता सांगितलं होतं. सांगताना ती कुणाची तरी लेक, कुणाची तरी बहीण आहे, असं त्यांना वाटलं असेल. का कुणाचीच नाही म्हणून सांगितलं असेल? तिनं तो कागद फाडला.

मंगळवारी सकाळी तिनं बँकेच्या एचआरमधल्या समृद्धी मॅडमना फोन केला.

"मॅडम, मला नोकरी हवीय. पण यादी देता येणार नाही."

"आशा, तुमचं पॅकेज त्यावरच ठरलंय ना."

"मग यादीशिवाय किती?"

पलीकडं की-बोर्डचा आवाज आला. "मंचरला नाही जमणार. काउंटरची जागा आहे, जिंतूरला. परभणी जिल्हा. हातात एकवीस हजार पाचशे येतील. इन्सेंटिव्ह नाही."

"परीक्षा देता येईल?"

"हो, ती सगळ्यांना. पास झालात तर दोन वर्षांनी प्रमोशनला बसता येतं." मॅडम पुढं म्हणाल्या, "तुम्ही विचार करा. तिकडं तुमचं ओळखीचं कुणी आहे का?"

"नाही," आशा म्हणाली. "तेच बरंय."

तिनं संध्याकाळपर्यंत वेळ मागून घेतला. पाच हजार तीनशे जास्त. त्यातले जाण्यायेण्यात आणि नवी खोली लावण्यात किती जातील, हेही तिनं मांडलं. पहिलं वर्ष हातात काही उरत नव्हतं. मंचरला राहिली तर चेअरमनांच्या पुतण्याला ती काम शिकवणार होती. साडेपाचला तिनं होकार कळवला.

भगवंत साहेबांनी राजीनामा दोनदा वाचला. "दोन हजार वाढवून घेऊ. मी बोलतो बोर्डाशी."

"नको साहेब."

"कोणती बँक?"

तिनं नाव सांगितलं. साहेबांचा चेहरा बदलला. ती शाखा मंचरला येतेय, हे त्यांच्या कानावर होतं. "म्हणजे आपली माणसं घेऊन चाललीस."

"मी जिंतूरला चाललेय. एकही माणूस नेत नाही."

"सगळे असंच म्हणतात गं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. त्यांनी मशीन जमा करायला सांगितलं. नोटीसच्या महिन्याचा पगार मिळेल, पण उद्यापासून बाजारात जायचं नाही, काउंटरलाही नाही. तिनं मशीन टेबलावर ठेवलं. अकरा वर्षांचा त्याचा पट्टा मानेला घासून काळा पडला होता.

तरी ती दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात गेली, रिकाम्या हातांनी. हौशीरामनं लांबूनच विचारलं, "काय राव, आमाला न सांगताच दुसरीकडं? भगवंत साहेब म्हनत व्हते, तुझा फोन आला तर ठेव काढू नका."

"नाही येणार माझा फोन," ती म्हणाली. त्याला ते खरं वाटलं की नाही, कळलं नाही. तो बटाट्याच्या लिलावाकडं वळला.

साळुबाई जुड्या बांधत होती. "मंग माझ्या पावतीचं कोन बगंल?"

"पावती तुमच्या नावावर हाय. मुदत भरली की तुमी स्वतः जायचं. साहेबांनाच भेटायचं, दुसऱ्या कुनाला न्हाई."

"तू असतीस तर बरं व्हतं." साळुबाईनं एक जुडी तिच्या पिशवीत टाकली. आशानं पैसे काढले तर तिनं घेतले. तिचं धंद्याचं गणित पक्कं होतं.

जिंतूरला आशाची खोली एसटी स्टँडच्या मागं होती. बँकेत दिवसभर माणसं समोर असत, काचेपलीकडं, आणि ती त्यांना त्यांच्या खाते क्रमांकांनी ओळखू लागली. तिची बोली ऐकून लोक विचारायचे, मॅडम पुण्याकडच्या का. ती हो म्हणायची. संध्याकाळी पुस्तकं घेऊन बसायची. पहिल्या वेळी एका पेपरात चार गुणांनी राहिली, दुसऱ्या वेळी सुटली. त्या दोन वर्षांत ती गावाकडं तीनदा गेली. एकदा आईबाप वस्तीवर होते, दोनदा कोकणात.

मंचरहून तिला एकच फोन आला, भगवंत साहेबांचा, निवृत्तीच्या दिवशी. तुझ्यानंतर एकही खातं गेलं नाही, एवढं सांगितलं. मग त्यांनी फोन ठेवला.

यंदा मार्चमध्ये डेप्युटी मॅनेजरचं पत्र आलं. हातात चौतीस हजार. मंचरसाठी आलेल्या पहिल्या पत्रातल्या पगारापेक्षा सात हजार दोनशे जास्त, हा हिशेब तिनं पत्र वाचतानाच केला. अर्धा किलो पेढे आणून शाखेत वाटले. ऋतिकला फोन लावला, तो पाळीवर होता. आईच्या फोनला रेंज नव्हती. उरलेले चार पेढे घेऊन ती घरी आली आणि मालकीणबाईंच्या दारात उभी राहिली.

"कशाचे हो?" त्यांनी डबा हातात घेत विचारलं.

"बढती झाली."

"अरे वा. मग आता बदली होणार?"

"होईल. कुठं ते अजून कळलं नाही."

"चांगलं झालं." त्यांनी एक पेढा तोंडात टाकला. "फक्त खोली सोडायची तर एक महिना आधी सांगा. दुसरा भाडेकरू बघायला वेळ लागतो."

"सांगते," आशा म्हणाली, आणि आपल्या खोलीचं कुलूप काढायला गेली.